वस्तीतील मुलांच्या एकदिवसीय सहली : नागपुरातील एका हिवाळ्याची नोंदवही

२० ऑक्टोबर, रविवार

अजनी परिसरातील आमच्या वस्तीच्या वाचनालयात रविवारी जी मुले येतात, त्यांना या हिवाळ्यात शहर आणि शहराभोवतीचा मुलूख दाखवायचा, असे आजच्या बैठकीत ठरले. मुले आठ ते तेरा वर्षांची असून संख्येने बावीस आहेत. सोबतीला पाच मोठी माणसे तयार झाली. त्यांत दोन आया, एक महाविद्यालयीन मुलगी, मी आणि भिवापूरकडून लग्न होऊन नागपुरात आलेल्या एक आजी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे मुलांना घेऊन दिवसभर उघड्यावर फिरण्यासारखे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने हाती उरतात. असाच बेत आखणाऱ्या इतर वस्त्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही वही ठेवत आहे.

पहिला अडथळा वाहनाचा आला. शालेय सहलींसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर निम्म्या भाड्यात मिळते, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ती सवलत शाळेला आहे आणि त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र लागते. वाचनालयाच्या पत्रावर ती मिळत नाही. आमची मुले वेगवेगळ्या शाळांतील असल्यामुळे कोणत्याही एका शाळेने पत्र देण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून शहरातील सहली मेट्रोने आणि ऑटोने करायच्या आणि बाहेरच्या सहलींपुरते खाजगी वाहन भाड्याने घ्यायचे, असे ठरले. प्रत्येक मुलाकडून दरवेळी पन्नास रुपये घ्यायचे आणि उरलेली रक्कम वर्गणीतून भरायची.

संमतिपत्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापले, कारण वस्तीत दोन्ही बोलणारी घरे आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार : रामन विज्ञान केंद्र

गांधीसागर तलावासमोरचे हे केंद्र १९९२ साली सुरू झाले आणि तेथील तारांगण १९९७ साली. ज्यांचे नाव केंद्राला दिले आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरातही होते. ही माहिती मी ऑटोतून उतरल्यावर फाटकाशीच सांगायला घेतली. पण मुलांची नजर बागेतल्या डायनोसॉरच्या प्रतिकृतींवर खिळलेली असल्यामुळे ती कोणाच्याही कानांत शिरली नाही.

आत गेल्यावर पहिल्या पाऊण तासात बावीस मुले बावीस दिशांना पांगली. प्रत्येक प्रात्यक्षिकाला एक बटण आणि प्रत्येक बटणावर चार हात, असे दृश्य होते. बटण दाबल्यावर काय घडते ते पाहण्याआधीच मूल पुढच्या बटणाकडे पळत असे. रविवार असल्यामुळे बाहेरगावच्या शाळांच्या सहलीही आल्या होत्या आणि तारांगणाच्या ज्या खेळाला आम्हांला बसायचे होते, त्याची तिकिटे आम्ही पोहोचेपर्यंत संपली होती. पुढच्या खेळापर्यंत थांबण्यात दीड तास गेला. त्या वेळात मुलांना भूक लागली आणि घरचे डबे न आणता बाहेर काहीतरी घेऊ, हा आमचा निर्णय महागात पडला. सत्तावीस माणसांचे समोसे आणि चहा-दूध मिळून खर्च ऑटोच्या भाड्यापेक्षा अधिक झाला.

तारांगण मात्र जमले. अंधार झाल्यावर सगळी मुले प्रथमच एका जागी आणि एका दिशेला पाहत बसली, आणि बाहेर पडल्यावर ज्या प्रश्नांचा भडिमार झाला, तो खालच्या दालनांतील कोणत्याही वस्तूवर झाला नव्हता.

याच दिवशी दुपारी एका मुलाच्या आईकडून फोनवर कळले की, त्याला लहानपणी मिरगीचे झटके येत असत आणि तो अजून गोळी घेतो. गोळी घरीच राहिली होती. सुदैवाने काही झाले नाही. संमतिपत्रात आम्ही नाव, वय, पत्ता आणि सही एवढेच विचारले होते. आजार आणि औषध यांचा रकानाच ठेवला नव्हता. संध्याकाळी नवा नमुना तयार केला. त्यात आजार, नेहमीचे औषध, कशाची अ‍ॅलर्जी, गाडी लागते का आणि दिवसा हमखास उचलला जाणारा दुसरा फोन क्रमांक, हे रकाने घातले. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन तोंडी विचारून तो भरला. या कामाला आठवडाभराच्या संध्याकाळी लागल्या; पण पुढे सर्वांत जास्त उपयोग या एका कागदाचा झाला.

२४ नोव्हेंबर, रविवार : मेट्रो आणि शून्य मैलाचा दगड

या वेळी तीन गोष्टी बदलल्या. डबे घरून आणायचे, ठिकाण एकच ठेवायचे आणि मुलांच्या हातात एकच काम द्यायचे.

अजनी चौकातून झिरो माईलपर्यंत मेट्रो कोठेही न बदलता थेट जाते, म्हणून हे ठिकाण निवडले होते. निम्म्याहून अधिक मुले मेट्रोत प्रथमच बसत होती आणि आम्ही सगळा विचार दगडाचा केला होता, स्थानकाचा नाही. क्यूआर छापलेला तिकिटाचा कागद फाटकावर स्वतःचा स्वतः दाखवावा लागतो. दोन मुलांनी तो घडी घालून खिशात कोंबला होता, तो यंत्राला वाचता येईना. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला एक मुलगी तयार होईना आणि तिच्यामागे सात जण अडकले. शेवटी तिला आजींबरोबर साध्या जिन्याने पाठवले. गाडी आल्यावर दार उघडे राहते ते अगदी थोडा वेळ, आणि तेवढ्यात सगळी टोळी एकाच दाराशी गोळा झाली. मी आणि चार मुले फलाटावरच राहिलो. आत गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरावे की शेवटपर्यंत जावे, हे आधी सांगितलेले नसल्यामुळे दोन्हीकडून फोनाफोनी झाली आणि वीस मिनिटे गेली.

परतीच्या प्रवासात पाच-सहा मुले आणि एक मोठे माणूस असे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळे दार नेमून दिले. तिकिटे मोठ्या माणसाकडे ठेवून ती फाटकाशीच वाटली. कोणी मागे राहिले, तर पुढे गेलेल्यांनी लगेचच्या स्थानकावर उतरून फलाटावरच थांबायचे, हा नियम मुलांकडून तीनदा म्हणवून घेतला. शिवाय मुलांच्या जोड्या लावल्या. मोजणी डोक्यांची न करता जोड्यांची केली की ती लवकर होते, आणि ज्याचा जोडीदार दिसत नाही ते मूल स्वतःच ओरडते.

आता दगडाविषयी. हा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे नागपूरकरांनी बसमधून हजार वेळा पाहिलेले असतात. पण षटकोनी चौथऱ्यावर कोरलेली गावांची नावे आणि अंतरे थांबून वाचणारे थोडे. ब्रिटिश काळात देशाची त्रिकोणमितीय मोजणी झाली, तिच्याशी हे ठिकाण जोडलेले आहे आणि येथील मोजणीची खूण १९०७ सालची आहे. अंतरे मैलांत आहेत : सिवनी ७९, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. गावांची नावे जुन्या इंग्रजी वर्णलेखनात असल्यामुळे वाचायला वेळ लागला. पाच मैलांचे आठ किलोमीटर होतात, एवढे सांगून मुलांना वहीत आकडेमोड करायला बसवले. सिवनी सव्वाशेच्या थोडे वर आले, जबलपूर २७२ आले, हैदराबाद पाचशेच्या थोडे पुढे गेले. मग महाविद्यालयीन ताईने फोनवर आजच्या रस्त्याचे अंतर दाखवले. सिवनीचे अंतर जवळजवळ तंतोतंत जुळले, तेव्हा मुलांनी जो गलका केला तो ऐकून रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले.

“काकाजी, सिवनीले पायी जायाले किती दिवस लागन?” असे एका मुलाने विचारले. दिवसाला तीस किलोमीटर धरून त्याने स्वतःच उत्तर काढले आणि पाचव्या दिवशी पोहोचू, असे जाहीर केले. मोजणी करणारी माणसे साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन अशीच चालत गेली होती, हे सांगण्याची योग्य वेळ ती होती आणि त्या वेळी सांगितलेले मुलांनी ऐकले.

हा दगड भारताच्या अगदी मध्यावर आहे, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि मुलांनीही ते ऐकलेले होते. फाळणीनंतर देशाचा नकाशाच बदलला, मग मध्य तोच कसा राहील, हा प्रश्न मी त्यांच्यापुढे टाकला आणि उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी तीन मुलांनी पुठ्ठ्याचा भारत कापून तो टाचणीच्या टोकावर तोलण्याचा खटाटोप केला. सहलीचा खर्च सर्वांत कमी आणि कामाचा वेळ सर्वांत जास्त, असा हा दिवस होता.

१२ डिसेंबर, गुरुवार

येत्या रविवारी मध्यवर्ती संग्रहालयात जाण्याचे ठरले होते. परंतु हिवाळी अधिवेशन सोमवारी सुरू होत असून सिव्हिल लाइन्समध्ये आदल्या दिवसापासूनच बंदोबस्त असणार, हे आज रस्त्यावरचे कठडे पाहून लक्षात आले. डिसेंबरातील अधिवेशन नागपूरकराला नवे नाही. तरीही वेळापत्रक करताना आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. मुलांच्या घरी निरोप देऊन ठिकाण बदलले. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या भागात काहीही ठरवू नये.

१५ डिसेंबर, रविवार : मोतीबागेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय

ऐनवेळी निवडलेले ठिकाण इतके चांगले निघेल, असे वाटले नव्हते. कडबी चौकापर्यंत मेट्रोने गेलो. वाटेत गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर आहेत, ते मेट्रोतून दिसत नाहीत, कारण आपणच वरच्या थरावर असतो. त्यामुळे परतताना गड्डीगोदामला उतरून मुलांना खालून ते दाखवले. खालून मालगाडी आणि वरून मेट्रो एकाच वेळी जाण्याची वाट पाहण्यात मुले अर्धा तास रमली. तो वेळ वाया गेला, असे मी मानत नाही.

सकाळी सातला निघण्याचा बेत मात्र फसला. डिसेंबरातल्या थंडीत सहा वाजता उठून अंघोळ करून येणे लहान मुलांना जमत नाही आणि ज्यांच्या घरी सकाळी नळ येतो, त्यांची त्या वेळी पाण्याच्या रांगेत गरज असते. आठ वाजून गेल्यावर निघालो. यापुढे नऊचीच वेळ.

संग्रहालय २००२ सालचे आहे आणि सोमवारी बंद असते. सातपुड्याच्या परिसरातून गोंदिया, नैनपूर, जबलपूर अशा ज्या अरुंद रुळांच्या गाड्या बंगाल-नागपूर रेल्वेने सुरू केल्या, त्यांची इंजिने, डबे, सिग्नलची उपकरणे आणि जुनी तिकिटे येथे आहेत. मुलांना काम दिले होते रुळांमधील अंतर मोजण्याचे. फलकावर ७६२ मिलिमीटर लिहिलेले आणि मुलांच्या फितीवर ८१ सेंटीमीटरच्या पुढे येत होते. चारही गटांचे उत्तर सारखेच चुकत होते, म्हणजे मोजणारे निष्काळजी नव्हते. मुले एका रुळाच्या मधल्या रेषेपासून दुसऱ्याच्या मधल्या रेषेपर्यंत फीत धरत होती. गेज, म्हणजे रुळांमधील अंतर, मोजायचे ते रुळाच्या माथ्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. कारण चाकाची कडा आतून घासत जाते. हे तेथल्या एका कर्मचाऱ्याने चाकाला हात लावून दाखवले आणि सगळ्या गटांची उत्तरे ७६ सेंटीमीटरवर आली. मी आधीच पद्धत सांगितली असती, तर दहा मिनिटे वाचली असती आणि चाकाकडे कोणी पाहिलेही नसते.

येथे एक धोका लक्षात आला. मोजण्याच्या उत्साहात एकाने अजनी स्थानकाजवळच्या रुळांवरही मोजून येतो, असे सांगितले. चालू रुळांच्या जवळही जायचे नाही, हे तेथेच कडक शब्दांत बजावले आणि पुढच्या रविवारी वाचनालयाच्या अंगणात खडूने तीन जोड-रेषा आखल्या : अरुंद ७६२, मीटर १०००, रुंद १६७६ मिलिमीटर. रुंद रेषांमध्ये किती मुले बसतात आणि अरुंदमध्ये किती, हा खेळ त्यानंतर रोज चालू आहे.

त्या दिवशी खरे मार्गदर्शन आजींनी केले. नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने आजी भिवापूरहून सासरी आल्या होत्या. “गाडी इतकी हळू चाले जी, का पोरं उतरून बोरं तोडत अन् पुन्हा चढत,” असे त्यांनी डब्याच्या बाकावर बसून सांगितले. ही गोष्ट खरी की रंगवलेली, यावर परतीच्या वाटेत मुलांमध्ये मोठा वाद झाला. गाडीचा वेग फलकावरून काढता येईल का, असे दोघांनी विचारले. त्यांना मी जुने वेळापत्रक शोधून देणार आहे.

५ जानेवारी, रविवार : मध्यवर्ती संग्रहालय

१८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय नागपूरकर अजब बंगला म्हणूनच ओळखतात. पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, शस्त्रे, नाणी, चित्रे असा पसारा असल्यामुळे विज्ञान केंद्रातली पळापळ येथेही होणार, हे उघड होते. म्हणून पहिली वीस मिनिटे मोकळी फिरण्यासाठी दिली आणि त्यानंतर प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर जमिनीवर बसून चित्र काढायचे, असे ठरवले. रबर आणले नव्हते, मुद्दामच. खोडायची सोय नसली की मूल आधी पाहते.

अपेक्षेप्रमाणे बहुतेक मुले प्राण्यांसमोर बसली. ज्या दालनाची मी सर्वांत जास्त तयारी केली होती, तेथे तिघेच आले. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांना तांब्याच्या हत्यारांचा मोठा साठा सापडला. त्यात तांब्याच्या चारशेहून अधिक वस्तू आणि चांदीचे शंभरावर पत्रे होते. त्यांतील काही वस्तू या संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. आपल्याच वयाच्या मुलांनी हा शोध लावला, हे सांगितल्यावर मुले खिळून राहतील, असा माझा होरा होता. तो चुकला. अस्वलापुढे तांब्याचे काही चालले नाही. मात्र जे तिघे आले, त्यांनी पुढच्या सहलीत जमिनीकडे पाहत चालण्याचे ठरवले, आणि त्याचा त्रास पुढे झाला.

११ जानेवारी, शनिवार : जुनापाणीची पूर्वपाहणी

काटोल मार्गावरील जुनापाणी येथे लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत. जागा संरक्षित आहे, तिकीट नाही, वर्दळ नाही. आधी मोठ्यांपैकी दोघांनी दुचाकीवर जाऊन यावे, असे आजींनी सुचवले आणि ते योग्य ठरले. मुख्य रस्त्यावरून आत वळण्याची जागा आम्ही दोनदा चुकलो. तेथे सावली जवळजवळ नाही, पिण्याचे पाणी नाही आणि स्वच्छतागृह नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुली बरोबर असताना या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. वाटेवरच्या एका पेट्रोल पंपावर विचारून ठेवले. जाताना आणि येताना तेथे थांबायचे आणि मध्ये दोन तासांहून अधिक काळ घालवायचा नाही, असे ठरले.

१९ जानेवारी, रविवार : जुनापाणी

दोन गाड्या, भाडे पाच हजार दोनशे. पूर्वपाहणी करूनही एक गोष्ट सुटली होती, ती म्हणजे वाळलेले गवत. पावसाळ्यात वाढलेले गवत जानेवारीत कोरडे होते आणि त्याची कुसळे मोज्यांत, विजारीत, स्वेटरात शिरतात. आम्ही दुचाकीवरून उतरून जाड बूट घालून फिरलो होतो, म्हणून आम्हांला ती जाणवली नाहीत. अर्ध्या मुलांच्या पायांत चपला होत्या आणि चार मुली सलवारीत आल्या होत्या. पहिला पाऊण तास कुसळे उपटण्यात गेला. असा बेत करणाऱ्यांनी आदल्या दिवशी निरोपात बंद बूट, लोकरी नसलेले कपडे आणि एक कंगवा, असे स्पष्ट लिहावे; कंगव्याने कुसळे झपाट्याने निघतात, हे एका आईने दाखवले.

वर्तुळे पाहून मुले प्रथम निराश झाली. काळ्या दगडांची कडी आणि मध्ये मुरूम-दगडगोट्यांचा उंचवटा, याखेरीज नजरेत भरण्यासारखे काही नाही. येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात यांतील काही उकरली आणि १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याने पुन्हा उत्खनन केले. ही दफने आहेत आणि त्यांत लोखंडी वस्तू व मातीची भांडी मिळाली. खाली माणसे पुरलेली होती, हे कळताच निराशा क्षणात नाहीशी झाली. दोन लहान मुलांनी मात्र वर्तुळाच्या आत पाऊल टाकायला नकार दिला आणि त्यांना आग्रह केला नाही.

काम होते परीघ आणि व्यास मोजण्याचे. नायलॉनची दोरी नेली होती, ती ताणली की लांबते. एकाच वर्तुळाची तीन मापे आली. दुसरा घोटाळा असा की, एक गट दगडांच्या बाहेरून दोरी फिरवत होता आणि दुसरा आतून. दोघांचे आकडे जुळेनात तेव्हा भांडण झाले. शेवटी दगडाच्या मध्यावरून दोरी न्यायची, ती न ओढता जमिनीवर टेकवायची आणि मग शिंप्याच्या फितीने मोजायची, अशी पद्धत मुलांनीच ठरवली. त्यानंतर परिघाला व्यासाने भागले की उत्तर तीनपेक्षा थोडे जास्त येऊ लागले. सातवीतल्या मुलीने तो आकडा, म्हणजे गणितातला ‘पाय’ (π), ओळखला. बाकीच्यांना तो नुसता योगायोग वाटला, म्हणून त्यांनी दुसरे वर्तुळ मोजले, मग तिसरे. व्यास दोन दिशांनी घेतला तर सारखा येत नाही, म्हणजे बांधणाऱ्यांनी वर्तुळ नजरेने आखले असेल की दोरीने, यावर तेथेच उन्हात उभ्या उभ्या चर्चा झाली. मला यातले काही ठाऊक नव्हते आणि मी तसे सांगितले.

काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. ते शोधण्याची स्पर्धा लावली होती. तिरप्या उन्हात ते चांगले दिसतात, डोक्यावर ऊन आले की हरवतात. म्हणून येथे सकाळी दहाच्या आत पोहोचावे.

निघताना संग्रहालयात तांब्याच्या हत्यारांसमोर बसलेल्या तिघांचे खिसे जड दिसले. दगड जेथून उचलले तेथेच ठेवायला लावले, संरक्षित जागेतून काहीही उचलणे हा गुन्हा आहे हे सांगितले आणि रडारडीत आणखी पंधरा मिनिटे गेली. डब्यांबरोबर प्रत्येकी दोन संत्री दिली होती. पाण्याच्या बाटल्या संपल्यावर त्यांचाच आधार झाला. साली मात्र मोजून पिशवीत परत आणल्या.

२६ जानेवारी, रविवार : सीताबर्डीचा किल्ला

लष्कराच्या ताब्यातील हा किल्ला वर्षातून मोजक्या दिवशीच सर्वांसाठी उघडतो आणि प्रजासत्ताक दिन हा त्यांतला एक. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज यांची लढाई या टेकड्यांवर झाली. आम्ही साडेदहाला पोहोचलो तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. लहान मुलांना घेऊन दोन तास उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून परतलो. ध्वजवंदन आटोपताच, सकाळीच, गट लहान करून यावे.

९ फेब्रुवारी, रविवार : मनसर आणि रामटेक

मूळ बेतात मनसर, नगरधन, रामटेकचा गड आणि खिंडसी तलाव, असे सगळे होते. जुनापाणीनंतर नगरधन आणि खिंडसी कापले. महाविद्यालयीन ताईला नगरधन वगळल्याचे वाईट वाटले, कारण वाकाटक राजघराण्याची जुनी राजधानी नंदिवर्धन ती हीच. पण पन्नास किलोमीटर जाणे, तेवढेच येणे आणि मध्ये चार जागा, हे दहा वर्षांच्या मुलाला झेपणारे नाही. मिनीबसचे भाडे, टोल आणि चालकाचा भत्ता मिळून नऊ हजार आठशे झाले. या मोसमातला सर्वांत मोठा खर्च हाच.

गाडी लागण्याचा रकाना संमतिपत्रात होता, म्हणून त्या पाच मुलांना पुढे बसवले. तरी दोघांना उलट्या झाल्या. त्या दोघांनी सकाळी वस्तीच्या नाक्यावर तर्री-पोहे खाल्ले होते. निघण्यापूर्वी काय खावे, हेही निरोपात लिहायला हवे.

ऊन चढण्याआधी मनसर पाहिले. पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. टेकडीवरील विटांचे मंदिर उत्खननातून उघडे झाले आहे. येथे काम विटेचे होते. प्रत्येक गटाने वस्तीतल्या बांधकामावरून आजच्या विटेचे माप कागदावर कापून आणले होते. ते जुन्या विटेशेजारी, विटेला न टेकवता धरले, तेव्हा जुनी वीट किती मोठी आहे ते एका नजरेत कळले. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. एवढी मोठी वीट एका हाताने उचलता येणार नाही, म्हणजे थापी कोणत्या हातात धरत असतील, असा प्रश्न त्याने विचारला. येथेच सापडलेली शिव-वामनाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हे ऐकून “मग आपल्याले का नाही ठेवली?” असे अनेकांनी विचारले.

रामटेकच्या गडावर माकडांनी दोन डबे आणि एक टोपी नेली. डबे बसमध्येच उघडावेत, असे चालकाने सांगितले होते आणि ते आम्ही ऐकले नाही. गडावरील केवल-नरसिंह मंदिर वाकाटक काळातील असून आतली मूर्ती भव्य आहे. मुले मात्र जेवणानंतर पेंगुळली होती आणि मंदिरापेक्षा माकडांकडेच लक्ष ठेवून होती. मनसर एवढेच ठेवले असते तरी चालले असते. काळिदास स्मारकाकडे गेलोच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिशेब पूर्ण झाला. शहरातील सर्व सहलींचा मिळून जेवढा खर्च झाला, त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेरच्या दोन सहलींना लागला. पुढच्या हिवाळ्यासाठी दोन शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलणे सुरू केले आहे. वाचनालयाची मुले आणि शाळेची मुले मिळून एक गाडी भरली, तर शाळेच्या पत्रावर एसटीची सवलत मिळू शकेल. डिसेंबर-जानेवारीत आगाराच्या गाड्या शालेय सहलींना आधीच गेलेल्या असतात, म्हणून पत्र दिवाळीपूर्वी द्यावे लागेल. सहलींच्या सामानाच्या पेटीत शिंप्याच्या चार फिती, खडू, शिट्ट्या, कंगवे, उलटीच्या पिशव्या आणि संमतिपत्रांची नस्ती आहे. प्रथमोपचारातील क्रीम आणि पट्ट्या संपल्या आहेत, त्या आणायच्या आहेत. ज्या वस्तीला पेटी हवी असेल, त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयातून घेऊन जावी. मार्चनंतर ती तशीही कपाटातच राहणार आहे.